मदत हवी आहे: जोराच्या वाऱ्यात आयएलसीए ६ चा व्हँग (बूम म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, तो खाली ओढून धरणारी दोरी) किती ताणावा?
युवा जागतिक सेलिंग स्पर्धेतल्या मुलींच्या एकेरी गटाची तयारी चालू आहे. बोट आयएलसीए ६, मुलीचं वजन ५५ किलो. १८ नॉटच्या पुढे वाऱ्यावर चढताना व्हँग सैल असला तर शीट (शीड ओढायची-सोडायची मुख्य दोरी) सोडताच बूम वर जातो, डोलकाठी सरळ होते, शिडाचं पोट फुगतं आणि बोट उलट जास्तच कलते. घट्ट ओढला तर टॅक करताना (नाक वाऱ्यातून पलीकडे वळवताना) बूमखालून डोकं निघत नाही. कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) पूर्ण ओढलेला आहेच.

शीटचे ब्लॉक (कप्प्या) एकमेकांना टेकवून व्हँगची ढील काढल्यावर पुढे आणखी किती ओढावा? डॅगरबोर्ड (बोटीखालची उभी फळी) थोडा वर घेतल्याने फरक पडतो का? वरच्या (वाऱ्याकडच्या) बोयाआधी व्हँग नेमका कधी सोडावा? उशीर झाला की बूमचं टोक पाण्यात रुततं, बोट वळतच नाही. कृपया हलक्या वजनासाठीच सांगा, ८० किलोवाल्यांचं सेटिंग इथे चालत नाही.