चौकशीचे कागद नष्ट झाले, तरी त्याची बातमी का होत नाही?

धागाकर्ता, रत्नागिरी

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यातले एक जुने प्रकरण गेले काही दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. ब्रिस्बेनच्या जॉन ऑक्सली बालसुधारगृहाच्या कारभाराबद्दल तक्रारी आल्या म्हणून 1989 साली निवृत्त दंडाधिकारी नोएल हायनर यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. वर्षाअखेरीस सरकार बदलले, नव्या सरकारने ती चौकशी अर्ध्यावर गुंडाळली आणि 5 मार्च 1990 रोजी मंत्रिमंडळाने जमा झालेले सगळे कागद नष्ट करायचे ठरवले. हे कागद वकिलामार्फत मागितले गेले आहेत, याची सरकारला कल्पना होती, तरीही त्याच महिन्याच्या 23 तारखेला त्यांचे तुकडे करण्यात आले. केविन लिंडेबर्ग हे कामगार संघटनेचे पदाधिकारी त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ या प्रकरणात न्याय मागत दारोदार हिंडले. विषय खणून काढला तो मुख्यतः विद्यापीठात पत्रकारिता शिकवणाऱ्या ब्रूस ग्रंडी यांनी. पुढे 2004 मध्ये त्याच राज्यात एका धर्मोपदेशकाला मुलीच्या डायरीची पुरावा ठरू शकणारी पाने कापून नष्ट केल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवले. मंत्रिमंडळातील कोणावरही मात्र खटला चालला नाही.

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आहे. नेताजींच्या मृत्यूच्या चौकशीसंबंधीची पंतप्रधान कार्यालयातील एक नस्ती, म्हणजे फाईल, 1972 साली नष्ट करण्यात आली, हे पुढे मुखर्जी आयोगासमोर उघड झाले. त्या 1972 साली याच विषयावर नेमलेल्या खोसला आयोगाचे काम चालू होते. आयोग बसलेला असताना त्याच विषयाची नस्ती नेहमीच्या साफसफाईत निघून जाते, आणि ते देशाला कळायला पुढची पंचवीस-तीस वर्षे जावी लागतात.

कागद नष्ट झाल्याची बातमी त्याच आठवड्यात आली नाही, तर ती पुढे येत नाही, कारण नंतर कोणी पुरावा विचारला की सांगणाऱ्याच्या हातात काही उरलेले नसते. म्हणून अशा वेळी गप्प राहणारे वर्तमानपत्र तटस्थ असते, असे मला वाटत नाही. आपले मत काय?

प्रतिसाद, देवगड (निवृत्त सरकारी कर्मचारी)

आपल्या लिखाणात कागद नष्ट करणे आणि पुरावा नष्ट करणे या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. आमच्या कार्यालयात अभिलेखाचे अ, ब, क, क-1 आणि ड असे वर्ग असत. अ वर्ग कायमचा जतन करायचा, ब तीस वर्षे, क दहा वर्षे, क-1 पाच वर्षे आणि ड एक वर्ष. हे वर्गीकरण केले नाही, तर दमट हवेत वाळवीने खाल्लेल्या गठ्ठ्यांखाली कामाचा कागद सापडत नाही, हे मी तीस वर्षे अनुभवले आहे. मुदत संपलेली नस्ती नष्ट करणारा लिपिक गुन्हेगार नसतो.

शिवाय माध्यमे गप्प असतात, हेही सरसकट खरे नाही. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला आग लागली, तेव्हा 'आदर्श' गृहनिर्माण घोटाळ्याचे कागद जळाले की जाळले, अशी चर्चा आग विझण्याआधीच सुरू झाली होती. ती कागदपत्रे आपल्याकडे सुरक्षित आहेत, असे सीबीआयला सांगावे लागले. त्या आगीत माणसे गेली, आणि चर्चा मात्र जळालेल्या नस्त्यांचीच राहिली.

प्रतिसाद, सिंधुदुर्ग (तालुका वार्ताहर)

मी देवगडच्या काकांशी अर्धा सहमत आहे, पण कारण वेगळे आहे. माझ्यासारख्या वार्ताहराला पगार नसतो, मानधन असते, आणि ते जाहिराती मिळवण्याशी जोडलेले असते. ज्या कार्यालयाची निविदा आमच्या पानावर छापून येते, त्याच कार्यालयातून नस्ती गहाळ झाल्याचे मी लिहिले, तर ती ओळ संपादकापर्यंत पोहोचत नाही. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना फेब्रुवारी 2023 मध्ये गाडीखाली चिरडण्यात आले. त्या दिवसापासून माझी आई मी रात्री घरी येईपर्यंत ओसरीवरचा दिवा मालवत नाही. अशा माणसाला तटस्थ नाही असे म्हणणे सोपे आहे, परंतु माझ्या हातात कागद नसेल आणि साक्षीदार नाव द्यायला तयार नसेल, तर मी नेमके काय छापावे, हे धागाकर्त्यांनी सांगावे.

प्रतिसाद, चिपळूण

मी अनेक वर्षे एका कार्यालयाची अभिलेखांची खोली सांभाळली आहे, ते कार्यालय कोणते हे इथे सांगत नाही. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही खोली उघडली. दार आत ढकलले जात नव्हते, कारण खालच्या फळ्यांवरचे गठ्ठे फुगून दाराला टेकले होते. लाल फडके सोडले की आतला कागद पिठासारखा हाताला लागत होता. ते गठ्ठे गेले, याबद्दल माझी काही तक्रार नाही. पुढे पुरात नष्ट झालेल्या अभिलेखांची यादी तयार झाली, तिच्यावर सह्या झाल्या, आणि त्या यादीत मला असे गठ्ठे दिसले की ज्यांना पाणी लागलेच नव्हते. त्यांतला एक गठ्ठा तेव्हा चालू असलेल्या एका खातेनिहाय चौकशीचा होता. मी एका ओळखीच्या पत्रकाराला हे सांगितले. पुराच्या बातम्यांना तेव्हा जागा पुरत नव्हती, आणि पाणी ओसरल्यावर तो विषयच शिळा झाला.

प्रतिसाद, देवगड

चिपळूणकरांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण दहा जणांच्या सह्या असलेल्या पंचनाम्यासमोर एका माणसाची आठवण उभी करून बातमी छापली, आणि उद्या ती चुकीची निघाली, तर ज्या लिपिकाची त्या यादीवर सही आहे त्याच्या घरी काय होईल, याचाही विचार करावा लागतो. माझ्या एका सहकाऱ्याने अशाच संशयात निवृत्तीवेतनाशिवाय चार वर्षे काढली, आणि शेवटी तो निर्दोष ठरला. त्याच्या निर्दोषत्वाची बातमी कोणी छापली नाही.

प्रतिसाद, अलिबाग (वकील)

दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे असू शकते, म्हणून प्रश्न तारखांवर आणावा. मुदतीनुसार नस्ती नष्ट करणे वैध आहे. मात्र तीच नस्ती कोणी मागितल्यानंतर, किंवा तिच्यावर चौकशी सुरू झाल्यानंतर नष्ट केली गेली, तर वर्ग ड असो वा क, चित्र बदलते. माहितीचा अर्ज आल्यावर मागितलेली माहितीच नष्ट केली, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 20 नुसार 25,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. न्यायालयात सादर होऊ नये म्हणून दस्तऐवज नष्ट करणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 204 खाली गुन्हा होता, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 मध्ये आहे. शिवाय राज्याचा 2005 चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहेच, ज्याचे नाव अनेक कार्यालयांत ऐकलेलेही नसते.

वार्ताहर मित्राला माझे उत्तर असे की, आरोप छापू नका, दोन तारखा छापा. नस्ती कधी मागितली गेली आणि ती कधी नष्ट झाली, एवढेच. त्यासाठी नाव सांगणारा साक्षीदार लागत नाही, नष्ट केलेल्या अभिलेखांची नोंदवही आणि आवक नोंदवही पुरते.

धागाकर्ता

देवगडच्या काकांचा सहकाऱ्याविषयीचा मुद्दा मला लागला, आणि तटस्थतेबद्दलचे माझे वाक्य तालुक्याच्या वार्ताहरावर मी लादायला नको होते. ते मुंबईत बसून पाने ठरवणाऱ्यांसाठी होते. पण बातमीच झाली नाही, तर तो लिपिक निर्दोष होता की नाही हे ठरण्याचीही वेळ येत नाही. पुरात वाहून गेले या तीन शब्दांखाली खरा निर्दोष आणि खरा दोषी शेजारी शेजारी पुरले जातात. चिपळूणकर, यादीतल्या त्या गठ्ठ्यांना पाणी लागले नव्हते, हे आपण कशावरून सांगता?

प्रतिसाद, चिपळूण

भिंतीवरच्या चिखलाच्या रेषेवरून. ती पाचव्या फळीच्या खाली होती, आणि मी त्याच दिवशी घरी येऊन फळ्यांचे क्रमांक वहीत उतरवले होते. यादीतले ते गठ्ठे सहाव्या फळीवरचे आहेत. वही अजून माझ्याकडे आहे.