कोट्याच्या नादात कोटा जाईल, आधी हे बघा

ताई, तुम्ही विचारलंय की मुलाला अकरावी-बारावीला राजस्थानात कोट्याला पाठवलं तर आयआयटी-एनआयटीचा चान्स वाढेल का. क्लासेसबद्दल वर सगळ्यांनी लिहिलंच आहे, पण एक गोष्ट कोणीच काढली नाही. एनआयटीत निम्म्या जागा होम स्टेटच्या, आणि होम स्टेट म्हणजे तुमचं घर कुठे ते नाही, पोरगा बारावी कुठल्या राज्यातून पास झाला ते. म्हणजे तिकडच्या शाळेतून बारावी दिली की घर गोव्यात फोंड्याला असलं तरी कुंकळ्ळीच्या एनआयटी गोवामध्ये तो बाहेरचाच. आमच्या भाच्याचं नेमकं हेच झालं, जोसाच्या (आयआयटी-एनआयटीच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेच्या) फॉर्मवर राज्य राजस्थान बघून भावोजी स्क्रीनवर बोट ठेवून "अरे हे चुकलंय, आपलं रेशन कार्ड दाखव त्यांना" म्हणत बसले, चहा पार निवला, चुकलं काहीच नव्हतं.

फर्मागुडीच्या आयआयटीत मात्र राज्याचा कोटा नाहीच, झुआरीनगरच्या बिट्सला पण नाही, तिथे बिटसॅट या त्यांच्याच प्रवेश परीक्षेचा स्कोअर. म्हणजे फक्त तेवढंच डोक्यात असेल तर या बाबतीत फरक पडत नाही.

आणि नुसतं जेईईचं पर्सेंटाइल धरून बसू नका, प्रवेश रँकवर होतो. जोसाच्या साइटवर मागच्या वर्षांचे क्लोजिंग रँक (शेवटची जागा कितव्या रँकला गेली ते) आहेत, एनआयटी गोवा काढून 'जीओ' (गोव्याचे) आणि 'ओएस' (बाहेरच्या राज्यांचे) या दोन ओळी शेजारी शेजारी वाचा, मग काय ते ठरवा. माझं विचाराल तर मी इथल्याच हायर सेकंडरीत घातला असता आणि क्लास ऑनलाइन.