केनिया सफारी: सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई सोबत, कितपत सेफ?

चाफेकळी
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये केनियाला जायचं घाटतंय. नैरोबी, नैवाशा, मसाई मारा असा रूट. आम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय 66, शुगरच्या गोळ्या चालू, बाकी ठणठणीत). अ‍ॅडव्हान्स भरणार तेवढ्यात नवऱ्याच्या ऑफिसातल्या कोणीतरी तो झांबियाचा व्हिडिओ पाठवला, हत्ती धावत येतो आणि सोंडेने जीपच उलटी करतो तो, आणि तेव्हापासून माझी झोप उडालीय. ताडोबा पेंच झालंय आमचं, पण तिथे जिप्सीत ड्रायव्हर वेगळा आणि गाईड वेगळा असतो, इथे म्हणे एकच माणूस दोन्ही कामं करतो. शिवाय कॅम्पला कुंपण नाही आणि राहायचं तंबूत. मुलगा दोन मिनिटं एका जागी बसत नाही. एजंटला विचारलं तर "मॅडम काही नाही होत, एन्जॉय करा" याच्यापुढे गाडी सरकत नाही. कोणी जाऊन आलं असेल तर खरं खरं सांगा प्लीज, घाबरवलंत तरी चालेल.

सह्यवेडा
सासूबाई सोबत आहेत ना, मग काळजी सिंहांनी करायची :)

चाफेकळी
सासूबाई शेजारी बसून वाचतायत हे. त्या म्हणाल्या, पत्ता विचारून ठेव याचा.

नैरोबीकर
चाफेकळी ताई, मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं इथे आहे आणि भारतातून पाहुणे आले की माराच्या वाऱ्या होतातच, म्हणून जरा लांबण लावतो.

तो व्हिडिओ झांबियातल्या काफुए नॅशनल पार्कचा, मार्च 2024 चा. त्यात एक वयस्कर अमेरिकन बाई गेल्या. गाडीला झटकन निघायला वाट नव्हती आणि हत्ती थांबला नाही, वाईटच प्रकार होता. पण बाकीच्या बातम्या नीट वाचल्या तर निराळं चित्र दिसतं. जुलै 2024 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या पिलानेसबर्गला एक स्पॅनिश पर्यटक फोटोसाठी स्वतःच्या गाडीतून उतरून हत्तींच्या कळपाकडे गेला. जुलै 2025 मध्ये झांबियाच्या साउथ लुआंग्वात दोन बायका गेल्या, त्या पायी सफारीवर होत्या आणि हत्तिणीसोबत पिल्लू होतं. 2015 मध्ये जोहान्सबर्गजवळच्या लायन पार्कात सिंहिणीने गाडीतल्या बाईला मारलं, तिथे काचा बंद ठेवायचा नियम होता आणि काच उघडी होती. म्हणजे बहुतेक वेळा माणूस खाली उतरलेला असतो, पायी असतो, नाहीतर काच उघडी असते. गाडीत नीट बसलेल्या माणसाच्या वाट्याला हे क्वचितच येतं.

आता नीट बसणं म्हणजे काय. माराच्या लँड क्रूझरचं छत वर उचललं जातं आणि तुम्ही आत उभं राहून बघता, ते ठीक आहे. पण छताच्या कडेवर चढून बसणं, कोपर बाहेर टाकणं, सेल्फीसाठी अर्धं अंग बाहेर काढणं हे अजिबात नाही. इथले गाईड सांगतात की सिंहाला अख्खी गाडी मिळून एकच मोठं धूड दिसतं, त्यातून एखादा माणूस वेगळा दिसला की तो त्याच्याकडे बघायला लागतो. टोपी उडाली, फोन पडला, मुलाचं खेळणं खाली गेलं तरी आपण दार उघडायचं नाही, ड्रायव्हरला सांगायचं, तो आजूबाजू बघून काय करायचं ते ठरवेल. हे मुलाला घरी असतानाच पढवून ठेवा, तिथे ऐन वेळी "अरे थांब थांब" म्हणेपर्यंत पोरं उतरलेली असतात. नसेल बसवत एका जागी तर त्याला दुर्बीण द्या आणि पक्षी मोजायला लावा.

हत्तीने कान फैलावून डोकं वर केलं, दोन पावलं येऊन थांबला तर बहुतेक वेळा ती नुसती धमकी असते, पण ते ओळखणं ड्रायव्हरचं काम. डोळ्यामागून काळपट ओघळ आलेला एकटा नर दिसला तर तो मस्तावर (माजावर) आहे असं समजा, चांगला ड्रायव्हर स्वतःहूनच लांब थांबतो.

आणि आपल्या लोकांबद्दल एक बोलतो, राग आला तरी चालेल. आपले ग्रुप ड्रायव्हरला फार छळतात. "भैया थोडा और आगे", "टिप जास्त देतो, रस्ता सोडून घे". माराच्या नियमाप्रमाणे शिकारी प्राण्यापाशी एका वेळी पाचच गाड्या, बाकीच्यांनी लांब थांबायचं, आणि प्राण्यापासून 25 मीटर अंतर. टिपसाठी ड्रायव्हर वाकतो, कारण त्याचा सीझन थोडे महिने चालतो आणि घरी शाळेच्या फिया असतात. दंड त्याला होतो, चिडलेल्या सिंहिणीसमोर गाडी तुमची असते. पहिल्याच दिवशी त्याला सांगून टाका, आम्हाला घाई नाही, तुला बरं वाटेल तिथून दाखव. मग बघा तो किती खुलतो ते.

आता खरी भीती कशाची ते सांगतो. रस्त्याची. जून 2025 मध्ये कतारहून फिरायला आलेल्या भारतीयांची बस न्यांडारुआ काउंटीत उलटली, पाच भारतीय गेले. तिथे कुठलाही प्राणी नव्हता. नैरोबीहून माई महियूचा घाट उतरून नारोकमार्गे माराला जायला पाच-सहा तास लागतात, समोरून ट्रक, मधूनच ओव्हरटेक करणारे मटाटू (इथल्या शेअर मिनीबस). व्हॅनच्या मागच्या सीटवर पट्टे असतात पण बऱ्याचदा कव्हरच्या खाली दाबून टाकलेले, निघायच्या आधी हात घालून बाहेर काढा आणि आईंनाही लावा. काहीही झालं तरी अंधारात हायवेवर गाडी नको. पार्कची गेटंही सकाळी 6 ते संध्याकाळी 6, म्हणजे नैरोबीतून उशिरा निघालात की शेवटच्या तासात ड्रायव्हर गाडी दामटणार. पैसे असतील तर नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटं विमान घ्या, पाऊण तासात माराच्या धावपट्टीवर. फक्त सामान माणशी 15 किलो आणि मऊ बॅगेत, हार्ड सुटकेस चढवत नाहीत.

स्टेथोस्कोप
नैरोबीकरांनी रस्ता सांगितला, मी डास सांगते. मारात मलेरिया आहे, तोही फाल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतणारा. प्रतिबंधक गोळ्या घ्याच, आणि आपल्याकडे ऐकलेली क्लोरोक्विन तिथे चालत नाही. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर 7 दिवस घेतात. डॉक्सीसायक्लिन स्वस्त असते पण आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, तेव्हा तुमच्या मुलासाठी ती नाही. डोस वजनावर ठरतो, बालरोगतज्ज्ञांकडे जा, फोरमवर विचारू नका. परत आल्यावर दोन-तीन महिन्यांत कधीही ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून पॅरासिटामॉलवर बसू नका, त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना आफ्रिकेचं नाव आधी सांगा.

दुसरं यलो फिव्हर. थेट भारतातून जाणाऱ्यांना केनियात सहसा विचारत नाहीत, पण परत येताना भारतात विचारतात. पिवळं कार्ड (लसीचं सर्टिफिकेट) नसेल तर 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइन. लस ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, घेतल्यापासून 10 दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, तेव्हा आत्ताच लागा मागे.

सासूबाईंचं मात्र जपून. साठीनंतर या लसीचा गंभीर त्रास व्हायची शक्यता वाढते. डायबेटिसमुळे आपोआप नकार नसतो पण केंद्रावरच्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा आणि लस नको असं ठरलं तर परतताना विमानतळावर काय होईल हेही तिथेच विचारून घ्या. हे अ‍ॅडव्हान्स भरायच्या आधी.

पाणीपुरी_एक्सप्रेस
आम्ही पोरांना घेऊन जाऊन आलोय. तंबू म्हणजे आपण शाळेच्या कॅम्पला झोपायचो तसला नाही, आत पलंग, संडास-बाथरूम, गरम पाणी सगळं असतं. अंधार पडला की तंबूतून जेवणाच्या जागी एकटं जायचं नाही, टॉर्च हलवायचा किंवा शिट्टी मारायची, मसाई रखवालदार येतो न्यायला, त्याला तिथे अस्कारी म्हणतात. आमच्या धाकटीला तो भाला घेतलेला लाल शालीतला काका इतका आवडला की सिंहापेक्षा त्याचेच फोटो जास्त आहेत. रात्री बाहेर फुरफुर, गवत तोडल्याचा आवाज येतो, ते पाणघोडे किंवा रानम्हशी. आवाज ऐकायचा आणि झोपायचं, चेन उघडून टॉर्च मारून बघायचं नाही.

चेन मात्र दिवसासुद्धा पूर्ण खालपर्यंत लावा. माकडांमुळे!! जाऊबाईंनी टेबलावर ठेपल्यांचा डबा ठेवला, चेन वीतभर उघडी, माकडाने हात घालून आधी चेन सरकवली मग डबा नेला आणि झाडावर बसून आमच्यासमोर एकेक ठेपला उलगडून खाल्ला. माकडापर्यंत ठीक, पण बबून (मोठं दांडगं माकड) आला तर तो चावतो. खाऊ तंबूत ठेवूच नका, कॅम्पवाल्यांकडे द्या. आणि हो, केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, चिवडा चकल्या कॅरीबॅगमध्ये बांधून नेऊ नका, डबे न्या.

नैवाशाला जास्त सांभाळा असं मी म्हणेन. तिथे लोकांना वाटतं रिसॉर्ट आहे, लॉन आहे, फिरूया. त्याच लॉनवर रात्री पाणघोडे चरायला येतात. 2018 मध्ये त्या तळ्याकाठी फोटो काढताना एक तैवानचा पर्यटक पाणघोड्याच्या हल्ल्यात गेला. पाणघोडा आणि पाणी यांच्या मधे कधीच उभं राहायचं नाही, तो दिसतो सुस्त पण पळतो माणसापेक्षा जोरात.

उंटावरचा_शहाणा
सगळे उगाच घाबरवताय. पायी सफारी हीच खरी सफारी, गाडीतून बघायचं तर टीव्ही काय वाईट? आम्ही माराच्या शेजारच्या कॉन्झर्व्हन्सीत (खाजगी राखीव रानात) चाललो, बंदूकवाला रेंजर सोबत, पायाचे ठसे, शेण, वाळवीची वारुळं, काय काय दाखवलं त्याने.

नैरोबीकर
शहाणे, मजा येते हे शंभर टक्के मान्य, मीही जातो. पण त्यांच्यासोबत सात वर्षांचं पोर आहे जे दोन मिनिटं गप्प बसत नाही. बरेच कॅम्प बारा वर्षांखालच्या मुलांना पायी नेतच नाहीत आणि ते बरोबर आहे, दाट झुडपातून एकटा म्हातारा रेडा निघाला तर रेंजर म्हणेल "हलू नका", आणि तिथे पोर पळालं की संपलं. ताई, चालायची हौस असेल तर नैवाशाच्या क्रेसेंट आयलंडवर चाला. तिथे सिंह-बिबटे नाहीत, जिराफ झेब्रे मोकळे फिरतात आणि मुलाचे पायही मोकळे होतील. बोटीतून जाता-येता लाइफ जॅकेट घाला आणि बोटवाल्याला पाणघोड्यांजवळ नेऊ देऊ नका, किनाऱ्यालगतही गाईडच्या मागेच राहा.

चाफेकळी
बापरे, किती माहिती. खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. लसीची अपॉइंटमेंट उद्याच बघते. एक विचारायचं राहिलं, थोडं अवघड वाटतंय. सासूबाईंना शुगरमुळे तासा-दीड तासाला बाथरूम लागते. चार-पाच तासांच्या ड्राइव्हमध्ये काय करायचं? आत्तापासूनच म्हणतायत मी पाणीच पिणार नाही.

नैरोबीकर
अवघड काही नाही, रोजचाच प्रश्न आहे. पाणी बंद करू देऊ नका, उन्हात आणि धुळीत शुगरवाल्या माणसाला चक्कर यायला वेळ लागत नाही. ड्रायव्हरला सकाळीच सांगा. गेटवर आणि धावपट्ट्यांपाशी संडास असतात, तो त्याप्रमाणे रस्ता आखतो. मधेच लागली तर तो आखूड गवताची मोकळी जागा बघतो, गाडीभोवती फिरून खात्री करतो, मग गाडीच्या अगदी मागच्या चाकापाशी बसायचं, झुडपाच्या आडोशाला जायचं नाही, लाज वाटते म्हणून माणूस नेमका तिकडेच जातो आणि जनावरही सावलीला तिथेच बसलेलं असतं. सुनेने शाल धरून उभं राहायचं. मुख्य म्हणजे पूर्ण दिवसाची सफारी घेऊ नका, सकाळची एक आणि दुपारची एक अशी दोन छोटी घ्या, आईंना मधे कॅम्पवर पडता येईल. गोळ्या आणि बिस्किटं त्यांच्या हातातल्या पिशवीत, डिकीतल्या बॅगेत नकोत. एजंटला दोन गोष्टी लेखी विचारा: गाडी फक्त तुमची की शेअरिंगची, आणि विम्यात विमानाने नैरोबीला हलवायची सोय आहे का. नसेल तर अ‍ॅमरेफ फ्लाइंग डॉक्टर्स या एअर अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांचं पर्यटकांसाठीचं कव्हर असतं, ते काढून घ्या.

सह्यवेडा
पत्ता मिळाला का सासूबाईंना? गंमत केली हो. जॅकेट न्या त्यांच्यासाठी, पहाटे मारात हुडहुडी भरते, ऑगस्टमध्ये सुद्धा.