गड्ड्यात टॅटू: शाईचा धोका नेमका किती?

होटगीरोडकर: धाकट्या भावाला सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत दंडावर टॅटू काढायचाय, काळा-लाल. स्टॉलवाला म्हणतो शाई इंपोर्टेड, सुई नवी. घरचे म्हणतात कॅन्सर होतो. स्टॉलवर नेमकं काय बघू?

सुई_आणि_शाई: नवी सुई दाखवणं सोपंय, शाई कशात ओततो ते बघा. दर गिऱ्हाइकाला नवी छोटी प्लास्टिकची टोपी हवी आणि उरलेली शाई फेकलीच पाहिजे. ती परत बाटलीत गेली तर कावीळ बी, सी आणि एचआयव्हीची भीती.

दुसरं म्हणजे पाणी. करडी शेडिंग करायला काळी शाई पातळ करतात. आपल्याकडे नळ चार-चार दिवसांनी येतो, म्हणजे पिंपातलंच पाणी. त्यात क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतले मायकोबॅक्टेरिया असू शकतात. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर निर्जंतुक नसतं, बिसलेरीही नसते. मेडिकलमध्ये इंजेक्शनसाठीच्या पाण्याची ५-१० मिलीची अँप्यूल मिळते, ती समोर फोडायला लावा. कुरकुर केली तर उठून या.

त्वचा_ओपीडी: वरचं बरोबर, पण बाटलीतल्या रंगाचं काय? ॲलर्जी सर्वांत जास्त लाल रंगाची होते. पूर्वी त्यात पाऱ्याचं संयुग असे, आता बहुतेक ॲझो रंग असतात. ऊन किंवा लेझरनं ते फुटले की ॲरोमॅटिक अमाइन्स तयार होतात, त्यातले काही कॅन्सरकारक आहेत. युरोपीय संघानं जानेवारी २०२२ पासून शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या त्या अशाच कारणांसाठी. टॅटूनं माणसाला कॅन्सर होतोच, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. दंडावरच्या शाईचे कण काखेतल्या लसिका गाठींपर्यंत जातात, हे खरं.

आधी ठिपका काढून टेस्ट करू म्हणतील. उपयोग कमी, कारण लालची ॲलर्जी महिन्यांनी, कधी वर्षांनीही उठते.

होटगीरोडकर: मग झालंय काय ते ओळखायचं कसं?

त्वचा_ओपीडी: फक्त लाल रेषा फुगून खाजत असतील तर ॲलर्जी. एक ते तीन आठवड्यांनी फक्त करड्या भागात बारीक लाल पुळ्या आल्या तर पाण्यातल्या जंतूचा संशय घ्यायचा. नेहमीच्या अँटिबायोटिकला तो दाद देत नाही. त्वचेचा तुकडा काढून कल्चर, म्हणजे त्यातला जंतू वाढवून तपासणी, करावं लागतं आणि औषध काही महिने चालतं. मेडिकलवाल्यानं दिलेलं स्टिरॉइडचं मलम लावू नका, पुळ्या दबतात आणि जंतू फोफावतो. सिव्हिलच्या त्वचा विभागात दाखवा, शाईच्या बाटलीचा फोटो बॅच नंबरसकट सोबत न्या.

सुई_आणि_शाई: तो फोटो टॅटू काढायच्या आधीच घ्या. यात्रा संपली की स्टॉल सापडत नाही. भाऊ रक्तदान करत असेल तर पुढचे १२ महिने बंद.