चार्जरची वायर दर वेळी मानेपाशीच का तुटते?

कोथरूडची_मी: लॅपटॉप सव्वादोन वर्षांचा, चार्जर तिसरा! वायर दर वेळी एकाच जागी जाते, पिनेपासून बोटभर मागे, जिथे जाड रबर संपतं. आधी आवरण चिरतं, मग आतली तांब्याची जाळी दिसते. काल मीटिंगमध्ये डाव्या हाताने पिन दाबून धरली होती आणि उजव्या हाताने टाइप करत होते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणे, "मॅडम, नीट वापरत जा." तपकीर गल्लीतून साडेसहाशेचा आणला, तर लॅपटॉप चालू होतो पण बॅटरी चार्ज होत नाही. शिवाय मशीन रांगतं. बॅटरी गेली का?

जुना_रेडिओवाला: पिनेच्या मधोमध सुईसारखा काटा आहे का? असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. त्या काट्यावरून चार्जर किती वॅटचा ते लॅपटॉपला कळतं. ओळख पटली नाही तर काही कंपन्यांची मशीन बॅटरी चार्ज करत नाहीत, वेगही कमी करतात. मीटरवर १९.५ व्होल्ट बरोबर दिसतील, तरी हे होतं.

तुटण्याचं म्हणाल तर दोष कंपनीचा. ते मानेचं रबर दगडासारखं कडक, पुढची वायर मऊ. मग सगळा बाक एकाच रेषेवर येतो आणि तारा एकेक करून तुटतात. रबर निमुळतं, खाचांचं आणि लवचीक हवं.

पीडी_पुणेकर: टाइप-सी पोर्टशेजारी चार्जिंगची खूण आहे का बघा. असेल तर पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सीवरून जास्त वॅट देणारा) चार्जर घ्या, कटकट मिटली. साध्या सी केबलवर ६० वॅट मिळतात, त्यापुढे ५ अँपिअरची चिपवाली केबल लागते.

कोथरूडची_मी: काटा आहे! सी पोर्टला खूण नाही. मूळ चार्जर अजून कपाटात आहे. टेप लावू?

जुना_रेडिओवाला: टेप नको, उन्हाळ्यात त्याचा गोंद पाझरतो. पिनेसकट तीन तारांची तयार वायर मिळते, ती जोडून घ्या. आधी चार्जर भिंतीतून काढा, आणि २३० व्होल्टच्या बाजूला अजिबात हात लावू नका. श्रिंकची नळी (तापवली की जोडावर आवळून बसते ती) मात्र सोल्डरचा डाग देण्याआधी ओवा.

कोथरूडची_मी: काका, भावाने जोडून दिली. बॅटरी ६२ टक्क्यांवर आहे आणि चढतेय. नळी ओवायला तो विसरलाच, सगळे डाग पुन्हा काढावे लागले. आता वायर गुंडाळताना चार्जरच्या विटेपाशी (त्या ठोकळ्यापाशी) सैल वेटोळं ठेवते, आई म्हणते साप पाळलाय.