१९ गुणांची आघाडी आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये फक्त ११: सेल्टिक्सचं नेमकं बिघडलंय कुठे?

हिरवीजर्सी

१ नोव्हेंबर २०२१. एनबीए, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, घरच्या टीडी गार्डनवर आपले बॉस्टन सेल्टिक्स शिकागो बुल्सकडून ११४-१२८ हरले. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आघाडी १९ पर्यंत गेली होती. चौथा सुरू झाला तेव्हा १०३-८९ असा स्कोअर होता आणि त्यानंतरच्या १२ मिनिटांत बुल्स ३९, आपण ११. सात मॅच झाल्या, दोन जिंकलो, पाच हरलो. घरच्या तिन्ही गेल्या.

मॅचनंतर आपला पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल आणून खेळ रचणारा, मार्कस स्मार्ट पत्रकारांसमोर बोलला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: आपले मुख्य स्कोअरर जेसन टेटम आणि जेलन ब्राऊनला कसं अडवायचं याचा अभ्यास प्रत्येक टीम करून येते, ते दोघं पास द्यायला तयार नसतात, आणि शेवटच्या मिनिटांत मी कोपऱ्यात नुसता उभा असतो.

माझ्या मते स्मार्ट शंभर टक्के बरोबर आहे. आधी हिशोब करू. एका क्वार्टरमध्ये एका टीमला साधारण २५ पझेशन, म्हणजे बॉल घेऊन हल्ल्याच्या संधी, मिळतात. ११ गुण म्हणजे पझेशनमागे ०.४४. एनबीएची सरासरी १.१ च्या आसपास असते. शॉट पडले नाहीत एवढ्यावर इतकी घसरण होत नाही. शॉटच वाईट घेतले गेले.

हे पझेशन कसं वाया जातं ते घड्याळ लावून बघा. शॉट क्लॉक २४ सेकंद, तेवढ्यात शॉट मारायचा. रमतगमत बॉल वर आणण्यात ७ सेकंद गेले. १७ ला टेटम विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, बॉल मागतो. पहिला स्क्रीन येतो (सोबती बचावपटूच्या वाटेत उभा राहतो), समोरचे स्विच करतात, म्हणजे आपापला माणूस बदलून घेतात. समोर आलेला माणूस पसंत नाही म्हणून दुसरा स्क्रीन बोलावला जातो. ११ उरले. मग जागेवर ड्रिबल. ७ येईपर्यंत त्यांचा दुसरा बचावपटू फ्री थ्रो लाइनच्या टोकाशी येऊन ठाकलेला असतो. आता पास दिला तरी घेणाऱ्याच्या हातात ४-५ सेकंदच उरतात. म्हणून टेटम मागे झुकून, अंगावर हात असताना मारतो. बाकीच्या चौघांचा पाय मधल्या १० सेकंदांत हललेला नसतो. उभ्या माणसाचा बचावपटू एका डोळ्याने त्याला आणि दुसऱ्याने बॉलला बघू शकतो, आणि हेल्प येते ती तिथून.

---

झोन२३

साफ असहमत. दुखणं म्हशीला नि औषध पखालीला असं चाललंय.

२५ पझेशनचाच हिशोब पुढे न्या. ३९ म्हणजे पझेशनमागे १.५६. इतके गुण देणारी टीम ११ ऐवजी २४ मारूनही हरली असती, १२७-१२८. त्या क्वार्टरमध्ये तुम्ही सरासरीहून थोडंच कमी खेळलात तरी पराभवच होता. मग मूळ कुठे आहे?

मूळ कोच इमे उडोकाच्या सरसकट स्विचिंगमध्ये आहे. बुल्सच्या डीमार डीरोझनने ३७ मारले, झॅक लाव्हीनने २६. डीरोझन आणि त्यांचा उंच वुचेविच पिक-अँड-रोल करतात (वुचेविच स्क्रीन लावून बास्केटकडे वळतो), आपण डोळे मिटून स्विच करतो. म्हणजे आपला उंच माणूस डीरोझनसमोर आणि आपला बुटका गार्ड वुचेविचच्या अंगाखाली. एकाच स्क्रीनमध्ये त्यांना हव्या त्या दोन्ही जोड्या मिळाल्या. पुढे डीरोझन एल्बोवर, म्हणजे फ्री थ्रो लाइनच्या टोकाशी, येतो, खांदा घालतो, शॉटची हूल देतो. उंच माणूस उडाला की फाऊल, नाही उडाला की १५ फुटांवरून शॉट. शॉटची सरळ हालचाल सोडून बचावपटूवर अंग फेकून फाऊल मागण्याच्या प्रकारांना या मोसमात पंच दाद देत नाहीत, त्याचा फटका इतरांना बसला. डीरोझनला फारसा नाही. तो जागेवरच हूल देतो, उडणारा स्वतःच येऊन आदळतो.

---

बाकावरचा सहावा

दोघंही एका क्वार्टरवरून सगळा इतिहास लिहिताय.

पहिल्या सहा मॅचमध्ये आपण किती जादा खेळलो ते मोजा. निक्सविरुद्ध दोन ओव्हरटाइम, हॉर्नेट्सविरुद्ध एक, शनिवारी विझार्ड्सविरुद्ध पुन्हा दोन. पाच ओव्हरटाइम, प्रत्येकी ५ मिनिटं, एकूण २५ मिनिटं. अर्ध्या मॅचहून जास्त. हॉर्नेट्सची मॅच तर ह्यूस्टननंतर दुसऱ्याच रात्री. या मिनिटांचा मोठा वाटा टेटम, ब्राऊन आणि हॉरफर्डच्या पायांवर पडला. थकलेला माणूस आधी बचावात सरकणं बंद करतो आणि मग जंप शॉट आखूड पडायला लागतो.

गुणांचा फरकही बघा: −४, −३२, +१०, +११, −९, −३, −१४. बेरीज −४१. त्यातले ३२ एकट्या रॅप्टर्सच्या मॅचमधले. ती बाजूला काढली तर सहा मॅचमध्ये −९, म्हणजे मॅचमागे दीड गुण. ८२ मॅचच्या मोसमात ही टीम कोसळलेली म्हणता येत नाही, मधली म्हणता येते.

---

चोवीस सेकंद

थकव्याचं कारण मला पटत नाही. बुल्सही शनिवारी युटाशी खेळून आले होते. मधे तेवढाच एक दिवस. त्यांच्या पॅट्रिक विल्यम्सचं मनगट निक्सच्या मॅचमध्ये निखळलंय, त्याच्या जागी आपलाच जुना जावॉन्टे ग्रीन. लाव्हीन डाव्या अंगठ्याचं लिगामेंट फाटलेलं असताना खेळतोय. तरी चौथ्या क्वार्टरमध्ये पळत कोण होतं?

रॅप्टर्सची मॅच बाजूला काढायची हेही चालणार नाही. ८३-११५ ही घरची पहिली मॅच होती. वाईट दिवस वगळून सरासरी काढली तर कुठलीही टीम चांगलीच दिसेल.

---

हिरवीजर्सी

@झोन२३, तुमचा १.५६ चा आकडा मान्य. पण ते ३९ आले कुठून? बचाव आणि आक्रमण दोन वेगळे विभाग असल्यासारखं तुम्ही बोलताय.

आयसोलेशनमधून, म्हणजे एकट्याने खेळून मारलेला, शॉट चुकतो तेव्हा आपले बाकीचे चौघं कुठे असतात? दोन कोपऱ्यांत, एक बास्केटजवळ, एक विंगवर. शॉट मारणाराही मागे झुकलेला. म्हणजे परत पळायला वरच्या बाजूला कोणीच नाही. लांबून चुकलेल्या शॉटचा रिबाउंडही लांब पडतो. बुल्सचा गार्ड लोंझो बॉल तो रिबाउंड उचलतो आणि एकाच पासमध्ये मैदान ओलांडतो. आपला बचाव लागायच्या आत शॉट झालेला असतो. तिथे स्विच करायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही.

नियम साधा आहे: शॉट हातातून सुटला की दोन माणसं मागे, तीन रिबाउंडला. मागे जाणारे दोघं कोण हे शॉटच्या आधी ठरलेलं असावं लागतं. आणि ते ठरण्यासाठी शॉट कधी, कुठून येणार हे पाचही जणांना माहीत असावं लागतं. आयसोमध्ये ते फक्त मारणाऱ्याला माहीत असतं.

---

झोन२३

फास्ट ब्रेकचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. डीरोझनचे बरेच गुण अर्ध्या मैदानात, बचाव लागलेला असतानाचे आहेत. तिथे उपाय आहेत आणि ते उडोकाच्या हातात आहेत.

१. आपल्या उंच रॉबर्ट विल्यम्सला (रॉब) बॉलच्या स्क्रीनमध्ये ओढू देऊ नका. त्याला ग्रीनवर लावा. ग्रीन बाहेरून धोका नाही, त्याला सोडून रॉब बास्केटखाली मोकळा फिरू शकतो आणि मागून येऊन ब्लॉक करू शकतो. वुचेविच आपल्या दुसऱ्या उंच माणसाकडे, हॉरफर्डकडे. रॉबसारखा उडणारा माणूस बास्केटपासून २० फुटांवर गार्डच्या मागे सरकतोय हे बघून जीव तुटतो.

२. डीरोझनच्या स्क्रीनला स्विच नको आणि ड्रॉपही नको. ड्रॉप म्हणजे उंच माणूस मागे पेंटमध्ये, म्हणजे बास्केटखालच्या पट्ट्यात, थांबणार, म्हणजे मधला १५ फुटांचा टप्पा डीरोझनला आंदण. हॉरफर्डने स्क्रीनच्या रेषेपर्यंत वर यायचं, दोन पावलं वाट अडवायची, तोवर स्मार्ट स्क्रीनच्या वरून निसटून परत पुढ्यात येतो, मग हॉरफर्ड मागे. या दीड सेकंदात वुचेविच मोकळा असतो. त्याला खालच्या माणसाने, म्हणजे रॉबने, तेवढ्यापुरतं अडवायचं.

३. स्विच करावाच लागला तर पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, अडकलेल्या गार्डला बाहेर काढा. यात वेळ चुकते आणि सगळं फसतं. वुचेविचकडे पास जाण्याआधी दुसऱ्या बाजूच्या उंच माणसाने ओरडून गार्डला ढकलायचं, गार्डने पळत कोपऱ्यातला माणूस धरायचा. पास पोचल्यावर ओरडलात तर वरातीमागून घोडं. आणि ओरडलाच नाहीत तर दोघंही वुचेविचवर जातात आणि कोपरा उघडा पडतो, तोही २२ फुटांवरचा, सगळ्यात जवळचा थ्री (तीन गुणांचा शॉट).

तिसरं काम नव्या टीमला जमायला वेळ लागतो हे मान्य करतो. पहिली दोन एका सरावात बदलता येतात.

---

पाचवा फाऊल

स्मार्टने हे बंद दाराआड बोलायला हवं होतं. टेटम २३ वर्षांचा, ब्राऊन २५, कोच पहिल्यांदाच मुख्य कोच. सातव्या मॅचनंतर माईकसमोर नावं घ्यायची गरज नव्हती. स्मार्ट स्वतः किती धाडसी थ्री मारतो हेही सगळ्यांना माहीत आहे.

---

हिरवीजर्सी

कोण बोललं यावरून मुद्दा खोटा ठरत नाही. पॉइंट गार्डला कोपऱ्यात उभं केलं तर तो दुसरं काय सांगणार?

---

चोवीस सेकंद

बॉल फिरवा, बॉल फिरवा, हे सगळे म्हणतात. कसा ते कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो.

रॉब आणि हॉरफर्ड दोघं एकत्र असले की खरी अडचण जागेची. रॉब बाहेरून मारत नाही, त्यामुळे त्याचा बचावपटू पेंटमध्ये बसून राहतो आणि टेटमला आत शिरायला वाटच मिळत नाही. म्हणून तो बाहेर ड्रिबल करत राहतो. हट्ट थोडा आणि नाइलाज जास्त. यावर रॉबला बास्केटखाली न ठेवता एल्बोवर आणा. त्याचा हात पासला उत्तम आहे. बॉल त्याच्याकडे, ब्राऊन त्याच्या हातातून बॉल घेत वळतो, त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने टेटमसाठी कोपऱ्यातून स्क्रीन. टेटमला बॉल मिळतो तो पळताना, १४-१५ सेकंद शिल्लक असताना, बचावपटू अर्धं पाऊल मागे असताना. तोच टेटम, तोच शॉट, पण उभ्याने सुरुवात नाही.

आणि टाइमआउट. मॅचला सात मिळतात, त्यातले चौथ्या क्वार्टरमध्ये जास्तीत जास्त चार वापरता येतात. आघाडी १४ वरून ६ वर येईपर्यंत वाट बघायची नसते. सलग तीन रिकामी पझेशन झाली की थांबवा, आणि बाहेर पडताना आयसो नको, ठरलेला प्ले हवा.

---

बाकावरचा सहावा

हा मुद्दा पटला. रॉबचा बचावपटू पेंटमध्ये बसतो हे मी लक्षात घेतलं नव्हतं. पण मग हा मांडणीचा दोष झाला. स्मार्टने तो स्वभावाचा करून टाकला. टेटमवर सगळं ढकलू नका एवढंच म्हणणं आहे.

यंदा बॉलही बदललाय, स्पाल्डिंग जाऊन विल्सन आला, आणि लीगभर शूटर चाचपडताना दिसतायत. सात मॅचच्या थ्रीवरून कुणाची पारख करू नये.

---

पाचवा फाऊल

बॉल बुल्सनाही तोच होता.

---

झोन२३

बुधवारी ऑर्लँडो, गुरुवारी मायामी, सलग दोन रात्री, दोन्ही बाहेर. मी स्कोअर बघणार नाही. दोन गोष्टी मोजणार: रॉब किती वेळा बॉलच्या स्क्रीनमध्ये ओढला जातो, आणि स्विचनंतर पोस्टमध्ये गार्ड किती वेळा एकटा सापडतो.

---

झोन२३ (शुक्रवारी)

ऑर्लँडो ९२-७९. मायामी ९५-७८. सोमवारी एका क्वार्टरमध्ये ३९ देणाऱ्या टीमने दोन रात्रींत मिळून १५७ दिले, आणि तेही सलग दोन रात्री खेळून. थकव्याचं काय झालं? बचाव मनावर घेतला की ही टीम कुणालाही रोखते.

---

हिरवीजर्सी

रोखलं, मनापासून आनंद झाला. पण आपले ९२ आणि ९५ बघा. चारही क्वार्टर मिळून शंभरी नाही, तीही दोन वेळा. समोरचे ८० च्या आत थांबले म्हणून निभावलं. ज्या रात्री समोर डीरोझनसारखा कोणी शंभरी पार नेईल त्या रात्री हे ९५ पुरणार नाहीत. आणि मायामीत ब्राऊन हॅमस्ट्रिंग दुखावून बाहेर गेलाय. आता दोघांपैकी एकच उरला, म्हणजे समोरच्यांना अभ्यास आणखी सोपा. चोवीस सेकंद, तुमचा तो एल्बोचा प्ले आता तर पहिल्या पझेशनपासून हवा.

---

चोवीस सेकंद

हो. फक्त ब्राऊनच्या जागी बॉल घ्यायला स्मार्टला आणा, तो कोपऱ्यातूनही सुटेल. आणि परत पळणारे दोघं आधीच ठरवा: स्मार्ट आणि हॉरफर्ड.