‘दाह’, ‘सूज’ आणि ‘संदेशवाहक’ : आतड्याच्या आजारातले तीन शब्द

प्रश्न :
माझ्या धाकट्या भावाला क्रोनचा आजार असल्याचे निदान नुकतेच सोलापुरात झाले. माहितीपत्रकात ‘आतड्याचा दाहक आजार’ असे छापले आहे, तर डॉक्टर बोलताना ‘आतड्याला सूज आहे’ असे म्हणाले. ‘दाह’ वाचून आईने त्याची शेंगाचटणी बंद केली आणि पित्ताचे औषध आणून ठेवले. यांपैकी योग्य शब्द कोणता? शिवाय सायटोकाइनना ‘संदेशवाहक प्रथिने’ म्हटले आहे. ती कोणाचा संदेश वाहतात?

उत्तर :
आपल्या आईंची समजूत शब्दाला धरूनच आहे. ‘दह्’ म्हणजे जाळणे. ‘इन्फ्लमेशन’ या इंग्रजी शब्दाचे लॅटिन मूळही पेटवण्याच्याच अर्थाचे असून वैद्यकीय मराठीत यकृतदाह, आंत्रपुच्छदाह हे शब्द ‘दाह’वरूनच घडले आहेत. मात्र रुग्णाच्या कानाला ‘दाह’ ही जाणीव वाटते, शरीरात चाललेली प्रक्रिया वाटत नाही. ‘सूज’ सर्वांना कळते, पण ते त्या प्रक्रियेच्या एकाच लक्षणाचे नाव आहे. म्हणून लिहिताना ‘दाह’ ठेवावा आणि लगेच पुढे स्पष्ट करावे की ही तिखटाने होणारी जळजळ नव्हे, तर संरक्षक पेशी आतड्याच्या भिंतीत जमून तिलाच इजा करीत राहतात.

‘संदेशवाहक’ मला पटत नाही. वाहक दुसऱ्याचा निरोप नेतो. सायटोकाइन स्वतःच निरोप असतो. एक पेशी तो सोडते आणि जिच्यावर त्याचा ग्राही, म्हणजे तो टिपणारे प्रथिन (रिसेप्टर), असतो ती पेशी तो ओळखते. आपल्याकडच्या गिरणीचा भोंगा कोणाची चिठ्ठी नेत नसे, त्याचा आवाज हीच पाळीची सूचना असे. इंटरल्यूकिन-२३ हा दाह चालू ठेवणारा असा एक भोंगा आहे. इंटरल्यूकिन-१० त्याउलट दाह शमवते, आणि ज्या बाळांमध्ये त्याचा ग्राही जन्मतः सदोष असतो त्यांना अगदी लहान वयातच आतड्याचा तीव्र दाह होतो. म्हणून ‘संकेत-प्रथिन’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो.

दुसरे उत्तर :
‘संकेत-प्रथिन’ मान्य. भावाच्या कागदांवर ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ (शब्दशः, गाठ मारणारा घटक) हे सायटोकाइनचे नाव दिसल्यास घाबरू नये, तिथे कर्करोगाचा उल्लेख नसतो. उंदरांमधल्या गाठी या प्रथिनाने मरताना दिसल्या म्हणून १९७५ मध्ये त्याला हे नाव मिळाले. क्रोनच्या आजारात मात्र दाह पेटता ठेवणाऱ्या प्रथिनांत ते प्रमुख आहे. त्याला पकडून निष्प्रभ करणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधाला अमेरिकेत या आजारासाठी १९९८ मध्ये मान्यता मिळाली. नावाचे शब्दशः भाषांतर न करता ‘टीएनएफ’ आणि ‘टीएनएफरोधक औषध’ असेच लिहावे. हेच प्रथिन क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्यास मदत करते, म्हणून असे औषध सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करतात.

प्रश्नकर्ती :
आईला सारे वाचून दाखवले. भोंग्याचे उदाहरण तिला लगेच उमगले आणि तिने विचारले, ‘मग प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा द्यायचा की नाही?’

उत्तर :
इथे ‘वाढवणारा’ हाच शब्द दिशाभूल करतो. या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती थांबत नसते. काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, आणि शेंगाचटणीविषयीही त्यांनाच विचारावे.